न थांबणारं नाव

मी शिकवते त्या रोह्याच्या कॉम्प्युटर क्लासात आज एका मुलीच्या प्रोग्राममधला लूप अडकला. स्क्रीनवर तिचंच नाव पळत सुटलं आणि बंद करायला माझा हात पुढे होईना.

पेणला शिकताना मी असाच लूप लिहिला होता. थांबायची अटच घालायची विसरले आणि 'गणपती' ओळीखाली ओळ धावू लागला. इतक्यात हमरापूरच्या मूर्तींच्या कारखान्यातून आई मला न्यायला आली. टर्पेंटाइनचा वास, नखांत सोनेरी रंग. तिने स्क्रीनला हात जोडले.

"बंद नको करू गो, देवाचं नाव हाय."

वर्ग खो खो हसला. मी लाजेने वायरच खेचली.

घरी जाताना वाटभर आईने हात पदराखाली लपवले होते.