चिंचेवरचं भूत कामावरून गेलं

वर्गात मी ‘हजर’ म्हणते, ते शेजारणीलाही ऐकू जात नाही. अशा मुलीने सगळ्या गावाला ताप देण्याइतका घोळ घालावा? पण घातला. काय आणि कसा, ते ऐकाच.

दिवाळीच्या सुट्टीत लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवायचं काम बाईंनी मला दिलं. हातात आलं एक चित्रांचं पुस्तक. त्यातलं भूत गोलमटोल, मुरमुरे खाणारं, आंघोळीला भिणारं. मोठ्यांसमोर माझी वाचा जाते, पण समोर सात-आठ चिल्लीपिल्ली बसली आणि मला भलताच जोर चढला. मी भुताचे ढेकरसुद्धा काढून दाखवले.

“ताई, हे भूत कुठी राह्यते?” शेजारच्या सहा वर्षांच्या गुड्डीने विचारलं.

आमच्या गावात भूत एकच, तलावाच्या पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, चिंचेवरचं. मी तेच सांगितलं.

“चावते का?”

“नाई गं. त्याले मुरमुरे आवडते.”

दुसऱ्या दिवशी दुपारी गुड्डीची आई, शांताकाकू, दारात उभी. डोक्यावर मासोळ्यांची रिकामी टोपली, हातात ओली गुड्डी.

“काऊन गं सोनाली, काय शिकवून राह्यली तू पोराइले? हे पोट्टी गुडघाभर पाण्यात उभी राहून भुताले आंघोळीले हाका मारत होती. मी बाजारातून पाळीवरून आली म्हणून दिसली.”

“काकू, ते पुस्तकात...”

“माह्या सासूनं ते भूत बसवलं होतं तिथी. माणसं जाळ्यावर, आमी बाजारात. पोराइले पाण्यापासून कोण दूर ठेवे? तेच ठेवे. अन् तू त्याले मुरमुरे चारले.”

गुड्डी आणखी चार पावलं गेली असती तर? मी लगेच मुलांना गोळा करून सांगितलं, ते भूत फार वाईट आहे.

“खोटं,” गुड्डी म्हणाली. “चित्रात हसून राह्यलं होतं.”

झालं. काकूने निकाल दिला: सुट्टी संपेपर्यंत पाळीवर राखण मी करायची. मुलं रोज यायची. हाकलायचं कसं, तेही मला जमेना. रागावायला तोंड उघडलं की आवाजच फुटत नसे. गोष्टी सोडल्या तर न अडखळता मला एकच बोलता येतं: पाढे. मग जो येईल त्याला मी सातचा पाढा विचारू लागले. चौथ्या दिवशी तलावावर चिटपाखरू नव्हतं.

परवा काकू गुड्डीला सांगत होती, “तलावाकडे जाऊ नको. चिंचेखाली सोनाली बसून आहे.”

गुड्डी धावत घरात गेली आणि आतून कडी लावून घेतली.