काकांना सांग

माझी मावशी काकांशी बोलत नसे. कर्वेनगरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मी सतरा वर्षं त्या दोघांबरोबर राहिले, आणि एवढ्या काळात तिने नवऱ्याला उद्देशून म्हटलेलं एकही वाक्य माझ्या कानावर पडलं नाही. जे काही सांगायचं ते माझ्यामार्फत. "काकांना सांग, चष्मा डोक्यावर आहे." काका दोन हातांच्या अंतरावर बसलेले असत, कानही चांगले शाबूत होते. पण मी जाऊन "काका, चष्मा डोक्यावर आहे" असं म्हणेपर्यंत त्यांचा हात वर जात नसे.

आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. बाबांची नोकरी फिरतीची, म्हणून त्यांनी मला आईच्या या थोरल्या बहिणीकडे ठेवलं. मावशीला मूलबाळ नव्हतं. ती एका कॉलेजच्या लायब्ररीत होती, म्हणजे दिवसभर लोकांना गप्प बसवण्याचा पगार घेत होती. घरी आली की तिचा आवाज मोकळा सुटे, फक्त काकांची दिशा सोडून.

निरोपाच्या बाबतीत तिचा काटेकोरपणा औरच होता. तिचेच शब्द, त्याच क्रमाने पोचवायचे. एकदा मी शाळेत शिकलेली सभ्यता वापरून म्हटलं, "काका, मावशी म्हणतेय, प्लीज दूध आणा." आतून आवाज आला, "मी प्लीज म्हटलेलं नाही." काका पिशवी घेऊन मुकाट्याने उभे. मी पुन्हा आत गेले, पुन्हा बाहेर आले, प्लीज काढून टाकलं, तेव्हा ते दुधाला निघाले.

हा अबोला कशावरून, ते कुणालाच माहीत नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या मते काका कुणाच्या तरी लग्नात काहीतरी बोलले होते. मी मावशीला विचारलं, तर ती म्हणाली, "तुला गणितात किती पडले?" मग मी विचारणं सोडून दिलं. पण एक गोष्ट मला लहानपणीच पक्की कळली होती: मी नसले तर या घरात कुणी कुणाला चहासुद्धा विचारणार नाही. म्हणून मी शाळेच्या शिबिरांना गेले नाही. मैत्रिणीकडे एक दिवस राहिले, तर तिथून तीनदा फोन करून निरोपांची देवाणघेवाण केली. इंजिनिअरिंगला बाहेरगावी प्रवेश मिळत होता, तोही सोडला.

बावीस वर्षांची असताना मला हैदराबादला नोकरी मिळाली. सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. मी कुणालाही सांगितलं नाही, कारण नकार कळवायचा असं माझं जवळजवळ ठरलंच होतं. नेमकी तेव्हाच दिवाळीच्या आधी आम्ही आठवडाभर कोकणात गेलो. काकांच्या मित्राचा फ्लॅट रिकामा होता, अगदी बंदरावर, दुसऱ्या मजल्यावर. खाली बर्फाचा कारखाना, समोर धक्का, त्याला लागलेल्या बोटी, आणि मासळीचा असा वास, की मावशी पहिला दिवस नाकाला पदर लावूनच वावरली. तिसऱ्या दिवशी ती कोळणीला सुरमईचे कल्ले उघडून दाखवायला सांगत होती.

बाल्कनीत खुर्ची टाकून ती बंदराचा कारभार तपासत बसे. आयुष्यात कधी होडीत न बसलेली बाई, पण "काकांना सांग, तो पिवळ्या बोटीवाला दोर चुकीचा बांधतोय." मी सांगे. काका बघून म्हणत, "तिला सांग, तो चाळीस वर्षं बांधतोय." मी तेही सांगे. ऑक्टोबरच्या त्या उन्हात माझ्या फेऱ्या चालूच होत्या, आणि डोक्यात सोमवार.

चौथ्या दिवशी दुपारी मी धक्क्यावरचा मासळीचा लिलाव बघायला खाली उतरले. फोन वरच राहिला म्हणून अर्ध्या वाटेतून परत आले. वाऱ्यासाठी दार उघडं टाकलेलं होतं. चप्पल काढता काढता मला बाल्कनीतून बोलणं ऐकू आलं. मावशी गुडघ्याबद्दल सांगत होती. काका काहीतरी म्हणाले आणि ती हसली. मग ती म्हणाली, "अहो, पोरीचं काहीतरी बिनसलंय. दोन दिवस फोन पालथा ठेवतेय. तुम्ही विचारा, मी विचारलं की ती खोटं बोलते."

मी चप्पल हातात घेऊन तशीच उभी. नव्याने समेट झालेली माणसं अशी बोलत नाहीत. हे रोजचं, सवयीचं बोलणं होतं. माझा पाय कशाला तरी लागला, आवाज झाला, आणि मावशीने मान वळवली. एका क्षणात तिचा चेहरा नेहमीसारखा झाला. "काकांना सांग, ऊन आलंय, खुर्ची आत घ्या."

आणि मी काय केलं? मी म्हटलं, "काका, ऊन आलंय, खुर्ची आत घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर मी काकांना गाठलं. काल ऐकलेलं सांगितलं आणि विचारलं, हे कधीपासून? ते म्हणाले, "तू आमच्याकडे आलीस ना, तेव्हा सहा महिने एक शब्द बोलली नव्हतीस. डॉक्टर म्हणाले, वाट बघा. त्यात आमचं एकदा खरंच भांडण झालं. कशावरून ते मला आठवत नाही, तिला आठवतं. तिसऱ्या दिवशी ती वैतागून तुला म्हणाली, काकांना सांग, जेवायला वाढलंय. तू माझ्यासमोर येऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, जेवायला वाढलंय. आता सांग, ते भांडण मिटवायचं कसं? तू शाळेत गेल्यावर मिटवलं. पण तुला कळू द्यायचं नाही असं ठरलं."

मला यातलं काहीही आठवत नाही. मी जन्मापासून बडबडी होते अशीच माझी समजूत होती.

"अहो काका, पण नंतर मी बोलायला लागले ना? वर्षभरात बंद करायचं!"

"मी म्हटलं होतं. ती म्हणाली, पोरीला वाटतंय, हे घर तिच्यामुळे चाललंय. वाटू दे. दुसऱ्याच्या घरी आलेल्या पोरीला तेवढं तरी हवं."

मला राग आला की रडू, हे अजून ठरलेलं नाही. शिबिरं आठवली, सोडलेला प्रवेश आठवला. सतरा वर्षांतले निरोप आठवून त्यातले खरे कोणते आणि केवळ माझ्यासाठी पाठवलेले कोणते, याची मी वर्गवारी करू लागले आणि पार गोंधळून गेले. मावशीला जाऊन दोन वर्षं झाली. तिला हे विचारायचं शेवटपर्यंत राहिलं, आणि विचारलं असतं तरी तिने मला गणिताचे मार्कच विचारले असते. एवढं प्रेम माझ्यावर आणखी कुणी केलेलं नाही, आणि एवढं फसवलेलंही नाही.

त्या दुपारी जेवताना मी सांगून टाकलं, "मावशी, मला हैदराबादला नोकरी लागलीय. मी जातेय."

ती भात वाढत होती. चमचा तिने पातेल्यात ठेवला. काकांनी मला सगळं सांगितलंय, हे तिला कळलं होतं की नाही, देव जाणे. तिने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, मग मान वळवली आणि माझ्यादेखत, सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाली, "अहो, ऐकलंत का? पोरगी चालली."

काकांनी सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी निरोप पोचवण्याची ते वाट बघत होते. मी खाली मान घालून भात कालवत राहिले.

"ऐकलं गं," काका तिला म्हणाले.