सकुआयची पट्टी

भगीरथचं केबल आता कोणी बघत नाही हे डोळखांबच्या बाजारात सगळे बोलायचे आणि भगीरथला तेवढं माहीत नाही असं धरून चालायचे. लोकांचं हे असंच असतं. खरं तर त्याला ते सगळ्यांच्या आधी माहीत होतं. कोणाच्या घरातला बॉक्स फळीवर धूळ खातोय, कोणाच्या कौलांवर डिशची नवी छत्री बसली, कोणाच्या दारातल्या वायरवर आता लुगडी वाळतात, हे सगळं तो येता-जाता बघायचा आणि गप्प पुढे जायचा. बोलायचं फक्त जिवावर यायचं.

वाशिंदचा कारखाना बंद पडला तेव्हा तो गावी परत आला आणि त्याने केबल टाकली. खांब नव्हते तिथे ऐनाच्या आणि सादड्याच्या झाडांवरून वायर नेली. माकडांनी तिच्यावर झोके घेतले, विजेने मशिनं जाळली, गुराख्यांनी बैल बांधायला तुकडे कापून नेले. भगीरथ शिव्या घालायचा आणि पुन्हा शिडी लावायचा. घरात टीव्ही असून चित्र नाही असे ते दिवस होते, त्यामुळे तो ज्या वाडीत जाईल तिथे त्याला जावयासारखा मान होता. तो मान त्याने मजेत उपभोगला, हेही सांगायला हवं.

पण लोकांना खरं अप्रूप होतं ते त्याच्या पट्टीचं. त्याच्या स्वतःच्या चॅनलवर पडद्याच्या तळाशी एक ओळ सरकत राहायची. कोणाची हळद कधी, कोणाची गाभण म्हैस चुकली, कोणाचं दहावं कुठल्या काठावर. पूर्वी मयताची खबर द्यायला माणूस वाडीवाडीवर धाडावा लागायचा. पट्टी आली आणि ती वणवण थांबली. पट्टीवर आलं म्हणजे सगळ्यांना सांगून झालं, असा इथला कायदाच होऊन बसला. मला कळवलं नाही म्हणून रुसायची सोयही राहिली नाही.

मग छत्र्या आल्या. त्यांना झाडावरून वायर नको, भगीरथ नको. मोठा पाऊस लागला की चित्र जायचं, तेवढ्यापुरती लोकांना भगीरथची आठवण व्हायची आणि उघडीप झाली की ते त्याला विसरायचे. त्यानंतर आलं इंटरनेटचं. वाशिंदला मुलीकडे, रोशनीकडे, त्याने तो टीव्ही बघितला. नुसतं बोललं की हवं ते लागत होतं. रोशनी चहा ठेवायला उठली तर मालिका जागच्या जागी थांबून राहिली आणि ती परत आल्यावर पुढे सुरू झाली. "बाबा, कसं वाटलं?" तिने विचारलं. भगीरथने मान हलवली. आपल्या केबलवर आजवर कोणासाठी काही थांबलं नाही, हे त्याला कबूल करावं लागलं. त्याला राग आला नाही. राग यायला अंगात थोडी रग लागते, तीच उरली नव्हती. गुडघे दुखत होते, शिडी जड झाली होती. महिनाअखेर बंद करायचं, असं त्याने बायकोला, मीनाला सांगितलं. ती म्हणाली, "करा. लय झालं."

उरलेल्या घरांना स्वतः जाऊन सांगायचं त्याने ठरवलं होतं. पहिलं घर कोंडूबाबाचं. पण त्याआधी कोंडूबाबाच डोंगर उतरून त्याच्या ओट्यावर येऊन बसला. त्याची बायको, सकुआय, आदल्या दिवशी गेली होती. ही सकुआय म्हणजे या भागातली सुईण. कित्येक पाड्यांतली पोरं तिच्या हातावर जन्मली. रस्ता खचून जीप अडकली त्या वेळी रोशनीलाही तिनेच जगात आणलं. वाडीतल्या माणसांनी तिला पोचवलं होतं, आता बाहेरच्यांना कळवायचं राहिलं होतं.

"दहावं नदीवर," कोंडूबाबा म्हणाला. "पट्टी लाव रे भगीरथा. मुरबाडहून लेक आली, ती म्हनं मी फोन करते. मी बोललो, कशाला? पट्टी लावली का सगली येतात."

भगीरथने तेव्हाच सांगायला हवं होतं. बाबा, पट्टी वाचायला माणूस राहिला नाही, वाडीवाडीवर सांगावा धाडा. एवढं साधं वाक्य. पण समोर बायको गेलेला म्हातारा, आणि त्याचा आपल्यावर एवढा विश्वास. तो विश्वास मोडायचा धीर भगीरथला झाला नाही. आणि खोटं कशाला बोला, थोडं बरंही वाटलं. कोणीतरी अजून पट्टी लाव म्हणून आलं होतं. त्याने पट्टी लावली आणि लोकांना कळेलच कसंतरी, अशी मनाची समजूत घातली.

दहाव्याच्या आदल्या दिवशी सकाळी बाजारात त्याला पलीकडच्या पाड्यावरचा जैतू भेटला. हातात वालाच्या शेंगांची पिशवी होती.

"सकुआयला न्यायच्यात," जैतू म्हणाला. "तिला आवडतात. बरी हाय ना रे ती?"

भगीरथने त्याला बाजूला घेतलं. "पट्टी नाय बगितलीस?"

"कुठली पट्टी? आमच्यात आता छत्री हाय."

भगीरथने त्याला सांगितलं. जैतूने पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "आमच्या पाड्यात कोनालाच नाय ठावं. माज्या तिन्ही पोरांची नाळ तिनं कापली रे."

उद्या नदीवर काय दिसणार, ते भगीरथला तिथेच उभ्या उभ्या दिसलं. सकुआयच्या दहाव्याला वाडीतली चार माणसं, आणि कोंडूबाबा वाटेकडे डोळे लावून बसलेला. ते कोणामुळे, हेही कळलं. तो घरी गेला, मोटारसायकल काढली आणि निघाला. फोन करून भागणार नव्हतं. वरच्या पाड्यांत रेंज नाही, आणि असली खबर इकडे फोनवर देत नाहीत. सांगणाऱ्याने अंगणात उभं राहायचं, उंबरा ओलांडायचा नाही, पाणी घ्यायचं नाही. ज्या घरांत तो कधी थेट टीव्हीपर्यंत जाऊन बसायचा, त्या घरांच्या अंगणातून आता त्याने हाका मारल्या.

खालच्या पाड्यात रेंज होती. तिथल्या लहानीच्या घरात तिची सून भिंतीवरच्या टीव्हीशी बोलत होती, नवरा आतल्या खोलीत मोबाइलवर क्रिकेट बघत होता आणि पोरगी ओट्यावर वेगळंच काही बघून हसत होती. लहानीने सगळ्यांना गप्प केलं. "कधी गेली?" तिने विचारलं. दिवस ऐकून तिने कपाळावर हात मारला. "आन आमी हितं नाटकं बगीत बसलो." तिच्या टीव्हीवर जगातलं सगळं येत होतं. शेजारच्या डोंगरावर कोण मेलं, एवढंच येत नव्हतं. पण त्याला तो टीव्ही तरी काय करणार? भगीरथचं केबल असतं तरी तिने ते लावलं असतंच असं नाही. एवढं त्याला स्वतःशी मान्य होतं, म्हणून तो पुढच्या अंगणाकडे वळला.

दुपार कलली, संध्याकाळ झाली. ज्या झाडांवर त्याने वायर बांधली होती त्याच झाडांखालून तो हिंडत राहिला. कंबर धरली, घसा बसला. शेवटच्या पाड्यावर आवाज फुटेना, तेव्हा एका म्हातारीने ओठांकडे बघून ओळखलं.

दुसऱ्या दिवशी नदीचा काठ भरून गेला. बायका आपल्या वाढलेल्या पोरांना पुढे घालून आल्या, बघ, तुला हिनं आणलं म्हणून. जैतूने वालाच्या शेंगा पानावर ठेवल्या. भगीरथ लांब खडकावर बसला होता. विधी आटपला, माणसं पांगली, तेव्हा कोंडूबाबा काठी टेकत त्याच्यापाशी आला.

"तू फिरलास म्हून आली," तो म्हणाला. "जैतूनं सांगलं."

भगीरथ उभा राहिला. बसक्या आवाजात त्याने सगळं सांगून टाकलं. "बाबा, माजं चुकलं. पट्टी कोन बगीत नाय. तुमच्या वाडीत केबल तुमच्या एकट्याच्या घरात हाय. तुमी आलात तवाच बोलाया पायजे होतं. ह्या महिन्यात बंद करनार हाय मी. थकलो."

कोंडूबाबा काठी बाजूला ठेवून खडकावर टेकला. चिडला नाही.

"बंद कर. पन एक आयकशील?" तो म्हणाला. "तू पट्टी लावलीस तवापास्नं मी टीवीफुडं बसतो. आवाज बंद करून. खालून तिचं नाव येतं, जातं. परत येतं. मला वाचाया येत नाय रे. पन तिच्या हातावर तिचं नाव गोंदलेलं होतं. तेवढं येक वलखतो मी. जनमभर बगितलंय."

भगीरथने म्हाताऱ्याचा हात धरला, आणि दोघे तसेच चढण चढून वाडीत गेले.

महिना संपला. बाकीच्या घरांतले बॉक्स त्याने गोळा करून आणले, मशीन मात्र चालू ठेवलं. पट्टीवर सकुआयचं नाव तेवढं ठेवलं, बाकी सगळं काढून टाकलं. पुढच्याच आठवड्यात वाऱ्याने एक जुना ऐन पडला आणि वाडीकडे जाणारी वायर तुटली. सकाळी भगीरथ शिडी खांद्यावर घेऊन निघाला तेव्हा मीना दारात उभी होती.

"येका घरासाठी?" तिने विचारलं.

"व्हय," भगीरथ म्हणाला, आणि शिडी नीट सावरून चालू लागला.