डब्यावरची बाई

“पाटी वाचता येते ना, बाई?”

“वाचता काय येते म्हणता, याकूबभाई? मीच रंगवली हाये ते पाटी!”

खरंच मीच रंगवली होती. लाल ऑइल पेंट, काळी सावली, अक्षरं अशी की वडशाच्या बाजारात दुसऱ्या टोकावरून दिसावीत: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ कोपऱ्यात एक मोरही काढून दिला होता, फुकट. आणि आता त्याच मोराखाली उभी राहून, हातात कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड नाचवत, मी विकलेला माल परत करायला आले होते!

“मंग? तुमीच लिवलं ना?”

“लिवलं मी, म्हणूनच मले लागू नाई!”

हा कुठला न्याय, असं विचारू नका. भांडण रंगात आलं की मी न्याय शोधत बसत नाही. आईबापांनी माझं नाव शांता ठेवलं. घरातली पहिली चूक त्यांची.

थांबा, मधूनच सांगितलं तर तुम्ही मला वेडी म्हणाल. शेवटी म्हणालच, पण निदान क्रमानं म्हणा.

कॅसेटी जायच्या होत्या आणि कॉम्प्युटर यायचे होते, तेव्हाची ही गोष्ट. दिवाळी आटपली, धान घरात आलं, की आमच्या वडशात नाटकांचा हंगाम सुरू व्हायचा. बाजारात ओळीनं नाटक मंडळांची ऑफिसं उघडायची. खेड्यापाड्यातले लोक यायचे, सतरंजीवर बसायचे, नायिकेचे फोटो उलटेपालटे करून बघायचे आणि आपल्या गावच्या मंडईसाठी, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेसाठी, नाटक ठरवून जायचे. त्या थंडीत सगळ्या गावाला एक वास असायचा. ताज्या भाताचा, पोस्टर चिकटवायच्या खळीचा आणि चहाचा. आता तो वास कुठं मिळतो? जाहिरात मोबाइलवर येते. मोबाइलला कसला वास!

माझं दुकान म्हणजे राइस मिलच्या मागची एक खोली. शाळा सातवीत सुटली. पाट्या रंगवत अक्षर वळवलं. कॉम्प्युटर आला तेव्हा केस पांढरे झाले होते, तरी तोही शिकले. कोणाला विचारून? कोणालाच नाही. माऊस उलटा धरून सुरुवात केली, पण केली! त्या खोलीत मी नाटकांची पोस्टरं बनवायची आणि तिथंच ऑटोवरच्या भोंग्यासाठी जाहिरात भरायची. माझ्याच आवाजात. “येताना चादर आणा, रुमाल आणा, रडवायची हमी आमची!” कुरखेड्यापासून आरमोरीपर्यंत, मी कधी पाय ठेवला नाही त्या गावांत माझा आवाज फिरून आला.

अडचण एकच होती. पोस्टरवरची नायिका मोठी केली की कॉम्प्युटर गुडघे टेकायचा. आधी तिचं कपाळ उमटायचं, मग डोळे. ओठ येईपर्यंत माझा चहा पिऊन व्हायचा.

याकूबभाई म्हणाले, “ग्राफिक्स कार्ड टाका, बाई.” हे याकूबभाई आधी रेडिओ आणि भोंगे दुरुस्त करायचे, मग कॉम्प्युटर जोडायला लागले. त्यांचे आणि आमचे जुने घरोब्याचे संबंध. ईदेला शीरखुर्मा त्यांच्याकडून, दिवाळीला अनारसे माझ्याकडून, आणि मधल्या काळात भांडणं दोन्हीकडून.

त्यांनी टेबलावर दोन डबे मांडले. दोन कंपन्या, एकमेकींच्या सवती. एका डब्यावर लाल डोळ्यांचा राक्षस. दुसऱ्यावर चिलखत घातलेली, हातात तलवार धरलेली एक बाई.

मी विचारलं, “यातलं आवाज कोणतं कमी करते? मले त्याच खोलीत टेप भरा लागते. कार्डावरचा पंखा घरघरला का सारं त्यात येते.”

आता याकूबभाईंनी गप बसावं की नाही? पण नामदेवभाऊ शेजारी बसले होते. नामदेवभाऊ म्हणजे धानाची शेती करून नाटक मंडळ चालवणारा माणूस, माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांना हसवायला याकूबभाई बोलून गेले, “साफ बात है. एकावर राक्षस, एकावर बाई. आवाज कोनाचा जादा येईल, सांगा लागते का?”

नामदेवभाऊ असे हसले की सुपारी घशात गेली.

झालं! मी त्या तलवारवाल्या बाईला उचललं, छातीशी धरलं आणि म्हटलं, “हेच पायजे. बाई म्हनजे आवाज, असं कोनं सांगतलं तुमाले? पाहाच तुमी, कशी गप राह्यते ते!”

कार्ड असं निवडतात का? नाही. पण मी निवडलं.

खोलीवर येऊन ते बसवलं. मीच! काय सांगू, नायिका एका झटक्यात पडद्यावर आली, ओठांसकट! मला इतका आनंद झाला की त्या भरात मी एक काम केलं. आमच्या खोलीत गिरणीचा कोंडा उडायचा. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं नाव लिहावं, असा. नाटकवाल्यांच्या पेट्या-तबल्यांना खोळी मीच शिवून द्यायची. म्हटलं, लोकांच्या पेटीला खोळ, आणि माझ्या एवढ्या महागाच्या बाईला उघडं ठेवायचं? जुनं लुगडं काढलं, आत कापूस भरला, गोधडीसारखे टाके घातले, बटणापुरतं भोक ठेवलं, मागून नाड्या बांधल्या, खालून झालर लावली. कॉम्प्युटर नवरीसारखा नटला. काम चालू असतानाही खोळ अंगावरच. कोंडा काय वेळ बघून उडतो?

त्याच दिवशी नामदेवभाऊंची जाहिरात भरायला बसले. दोन वाक्यं झाली नाहीत, तर घर्रर्र! मागून आवाज. हळूहळू वाढत गेला. मी माइक दूर नेला, आवाज सोबत आला. स्टुलावर चढून भरलं, खाली बसून भरलं. शेवटी तशीच कॅसेट दिली.

नामदेवभाऊ ती ऐकून परत आले. “शांताबाई, नाटकाची जाहिरात होये का राइस मिलची? लोक पोते घेऊन येतीन ना!”

“थोडासा आवाज हाये. लक्ष नका देऊ.”

“भोंग्यातून थोडासा नाई राहत, बाई. आमचा पयला प्रयोग तोंडावर आला. उद्यापर्यंत साफ आवाज द्या, नाईतर मी ब्रह्मपुरीवरून भरून आनतो.”

ब्रह्मपुरीवरून! म्हणजे माझ्या भोंग्यातून दुसऱ्याच कोणाचा आवाज! ते एक मंडळ गेलं की बाकीचीही जाणार. पण त्याहून मोठी पंचाईत कोणती? कार्ड परत करायला याकूबभाईंसमोर जाऊन सांगायचं, की बाई आवाज करते!

म्हणून मी ते सांगितलंच नाही. दुकानात गेले आणि म्हटलं, “पंखा खराब हाये.” त्यांनी पाटी दाखवली, मी मोर दाखवला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

शेवटी याकूबभाईंनी कार्ड आपल्या कॉम्प्युटरला लावून पाहिलं. एकदम शांत. देवळातल्या समईसारखं शांत!

“अब बोलो. कुठी हाये आवाज?”

“तुमच्या दुकानात बाजाराचा एवढा गलबला. त्यात काय ऐकू येते?”

याकूबभाई दारात गेले आणि ओरडले, “ए, चूप रहो सब! बाईले पंखा ऐकाचा हाये!” आणि तुम्हाला सांगते, पहिल्यांदाच वडशाचा बाजार गप्प झाला. भाजीवाल्या गप्प, ऑटोवाले गप्प. त्या शांततेत पंखा काही ऐकू आला नाही. फक्त मी ऐकू आले: “तुमीच कायतरी केलं!”

त्यांनी कपाळावर हात मारला आणि राक्षसाचा डबा माझ्याकडे सरकवला. “घ्या. बदलून घ्या. पाटीले उद्या चुना फासतो.”

जिंकले की हो! ऑटोत राक्षस मांडीवर घेऊन आले, बसवला, खोळ चढवली, नाड्या आवळल्या. चहा ठेवला. तो उकळायच्या आत राक्षस घरघरायला लागला. बाईपेक्षा जोरात!

दुसऱ्या दिवशी सकाळीच, ‘हाही खराब’ हा माझा निरोप ऐकून, याकूबभाई माझ्या दारात. सोबत नामदेवभाऊ, “भरा जाहिरात, नाईतर मी चाललो ब्रह्मपुरीले,” असं म्हणत. याकूबभाईंच्या बगलेत तलवारवाल्या बाईचा डबा. “आज फैसला होऊन जाऊ दे,” ते म्हणाले.

मी खोळ काढून बाजूला ठेवली, त्यांनी कॉम्प्युटर उघडला, राक्षस काढला, बाई बसवली. पुरावा राहावा म्हणून टेप सुरू केला, माइक जवळ ठेवला. आम्ही कान लावून बसलो. काहीच नाही. साफ शांत.

“तुमाले पाहून घाबरलं ते,” मी म्हटलं.

“बाई, खुदा के वास्ते!”

“मी काय खोटं बोलून राह्यली का?”

“खोटं नाई, मंग काय? सारा बाजार चूप करून देला तुमच्यासाठी!”

तेवढ्यात गिरणी सुरू झाली. खिडकीतून कोंडा आला. आणि भांडता भांडता, हाताला सवय असते ना, मी खोळ उचलली, झटकली, कॉम्प्युटरवर चढवली आणि मागच्या नाड्या गच्च बांधल्या. वरून सांगितलंही, “पाहा, किती जीव लावते मी याले!”

चहा आला. बशीत ओतला. आणि घर्रर्र...

याकूबभाईंनी बशी खाली ठेवली. उठले. खोळीची झालर वर केली. कापड मागच्या जाळीत ओढलं गेलं होतं, आतून वाफ निघावी तशी गरम हवा. त्यांनी खोळ उतरवली. आवाज खाली, आणखी खाली, बंद. परत चढवली. घर्रर्र.

“रजाई!” ते नामदेवभाऊंकडे वळले. “मशीन को रजाई ओढाई इन्होंने! सांसच कोंडून टाकली! अन् भांडन माह्यासंग!”

नामदेवभाऊंचा चहा धोतरावर.

दोघंही माझ्याकडे बघत होते. बायकांनी इतकं बोलू नये, हे मला सासूपासून सरपंचापर्यंत सगळ्यांनी सांगून झालं होतं, आणि आज त्यांचं ऐकायची वेळ आली, असं मलाच वाटायला लागलं.

टेप चालूच होता, हे कोणाच्याच लक्षात नव्हतं. ती कॅसेट अजून माझ्याकडे आहे. याकूबभाई आता नाहीत. त्यांच्या दुकानात हल्ली मोबाइलच्या खोळी विकतात, आणि माझी मोराची पाटी गेली कुठं ते कोणालाच माहीत नाही. पण थंडी पडली की मी ती कॅसेट लावते. आधी गिरणी, मग पंखा, मग याकूबभाईंचं “रजाई, रजाई”, मग नामदेवभाऊ हसून हसून खोकताना, आणि मग मी, खोळीच्या नाड्या सोडत:

“कार्डाचा दोष नाई, याकूबभाई. बाईच हाये ते. तोंड दाबलं का बोंबलनारच!”