पाहुण्यांनंतर टोचलेले उंदीर

संचालकांच्या भाषणाला दोन दिवस उरले होते आणि माझ्या टेबलावर उंदरांच्या फुप्फुसांच्या स्लाइड्स होत्या. त्यांवर फक्त नंबर. कुठला उंदीर कोणत्या गटातला, हे गाठी मोजणाऱ्याला सांगायचं नाही, असा नियम. मी मूळची पशुवैद्य, आता पॅथॉलॉजिस्ट. मोजणं माझ्याकडे.

प्रयोग सोपा होता. प्रत्येक पेशीच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांची बारीक लव असते. चहातली साखर नव्हे. कॅन्सरच्या पेशींवर तिचा एक प्रकार जास्त असतो आणि त्याच्या आडून त्या शरीराच्या पहाऱ्यातून निसटतात, असा अंदाज. आमच्या पीएचडीच्या पारोमिताने निम्म्या पेशींची ही साखर एन्झाइमने छाटली. छाटलेल्या पेशी एका गटाला शेपटीच्या शिरेतून टोचल्या, न छाटलेल्या दुसऱ्या गटाला. काही आठवड्यांनी फुप्फुसातल्या गाठी मोजायच्या. तिच्या थिसिसचं शेवटचं प्रकरण यावर उभं होतं.

मोजून झाल्यावर कुठला नंबर कोणत्या गटाचा, ते उघडलं. छाटलेल्या गटात गाठी तुरळक, दुसऱ्यात भरपूर. संचालक खूश. इथल्या बंगाली रीतीने मी सगळ्यांची 'दी', म्हणजे ताई.

"देशपांडेदी, स्लाइड बनवा. अक्षरं मोठी!"

पण न छाटलेल्या गटातल्या सहापैकी दोन उंदरांची फुप्फुसं जवळजवळ स्वच्छ होती. मी पारोमिताची वही मागवली. छाटलेला गट आधीच टोचून झाला होता; न छाटलेल्यांत हे दोन पहिले होते.

"या दोघांनंतर काय झालं?"

"सर पाहुण्यांना घेऊन आले, दी. फोटो काढले. मी हसत उभी होते."

"किती वेळ?"

"त्यांची संदेश मिठाई खाऊन होईपर्यंत."

"आणि ट्यूब?"

"बर्फात. नंतर हलवली, पण गाळली नाही."

पेशी फार वेळ ठेवल्या की एकमेकींना चिकटतात. असा पुंजका फुप्फुसाच्या बारीक रक्तवाहिनीत अडकतो आणि तिथेच गाठ धरतो. त्यात साखरेचा हात असेलच असं नाही.

पारोमिताच्या ते लक्षात आलं. "म्हणजे माझं प्रकरण गेलं?"

"पुन्हा करावं लागेल."

मी संचालकांकडे गेले.

"आमंत्रणं गेलीत हो! दोन उंदरांसाठी थांबायचं?"

"उरलेल्या चारांवर तुम्ही भाषण करणार होतात, सर."

त्यांनी स्लाइड वगळायला सांगितलं. भाषण झालं, संस्थेच्या उज्ज्वल परंपरेवर. उंदरांची कुणाला आठवण आली नाही.

पारोमिताचा थिसिस काही महिने लांबला. या वेळी दोन्ही ट्यूब गाळल्या, सारखाच वेळ ठेवल्या, दोन्ही गटांतले उंदीर आलटूनपालटून टोचले. दार आतून बंद. छाटलेल्या गटात गाठी कमीच निघाल्या. फरक पहिल्याहून लहान होता, पण उंदीर आधी टोचला की नंतर, याने तो बदलत नव्हता. तिने दोन्ही प्रयोग लिहिले, चुकलेलाही. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी अर्धा तास फक्त चुकलेल्याबद्दल विचारलं आणि तिला पास केलं.

आता आमच्या वहीत तापमान आणि वेळेशेजारी आणखी एक रकाना आहे: 'पाहुणे, किती मिनिटं'. दर पानाखाली संचालकांची सही लागते. ते करतात.