वॉल्टरच्या मूळपुरुषाची सही

अमेरिकेत ॲशबर्नच्या आमच्या म्हाताऱ्यांच्या कट्ट्यावर इतके किस्से साठलेत, की गराज पुरायचं नाही. ह्या किस्स्याचा शेवट ओळखून दाखवा. ओळखलात तर मिशी काढतो!

*

आमच्या एचओएचा, म्हणजे सोसायटीचा, प्रेसिडेंट वॉल्टर. ह्याचा मूळपुरुष इंग्रज राजाच्या काळात जहाजातनं आला, इथली पहिली जमीन त्याची. त्याची सही क्लबहाउसात फ्रेम करून लावलेली. सही कसली, मोराचा पिसारा!

"कुठनं आणली?" मी विचारलं.

"फॅमिली ट्रेझर!"

*

आमच्या हिनं पुढच्या अंगणात अळू लावलं. वॉल्टरचं लेटर आलं, उपटा!

मी त्याच्या दारात गेलो. "अळू हलणार नाही."

"माझ्या पूर्वजानं ही जमीन स्वच्छ ठेवली होती."

"तू बघायला होतास?"

*

अपील केलं. फॉर्म भरला देशपांड्यानं, आमच्या कट्ट्यावरच्या रिटायर्ड इंजिनिअरनं. सही मला येते, वाकडीतिकडी. पण सहीच्या जागी मुद्दाम नांगर काढला! आमच्या आजोबांची सगळ्या कागदांवर नांगराचीच निशाणी.

वॉल्टरनं फॉर्म परत केला. "चित्र चालत नाही. सही नाही तर कागद रद्द."

"हेच लिहून दे."

दिलं की गाढवानं!

*

मग मी नि देशपांडे मूळपुरुषाची खरी सही शोधायला कोर्टाच्या जुन्या रेकॉर्ड रूममध्ये. पहिलाच कागद काय? डुकरं शेजाऱ्याच्या मक्यात सोडली म्हणून मूळपुरुषाला दंड. ही स्वच्छता!

मग मृत्युपत्र. मग जमिनीचं खरेदीखत. तीन दिवस देशपांडे भिंग घेऊन वाकलेला.

"नाना, नाव सगळीकडे आहे यार, सही कुठंच नाही!"

"नावाच्या मधोमध काय आहे ते?"

"शाईचा डाग."

"तिन्ही कागदांवर तोच डाग? अरे शिकलेल्या माणसा, दाताळं आहे ते! गवत ओढायचं! आमच्या आजोबांसारखी निशाणीच की ह्याची."

देशपांड्यानं लगेच खरेदीखताची कॉपी काढून घेतली.

*

मीटिंगला क्लबहाउसचा हॉल भरलेला. खरेदीखताची कॉपी नि वॉल्टरची चिठ्ठी मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

"वॉल्टर, तुझ्या मूळपुरुषाची सही नाही, दाताळं आहे. सही नाही तर कागद रद्द. तूच लिहिलंस. मग जमीन कधी सोडतोस?"

पहिली हसली ती त्याची बायको.

वॉल्टरनं कॉपी उचलली, डोळ्याजवळ नेली. बराच वेळ दाताळं बघत राहिला. "अळू राहू दे," एवढंच बोलला. मग स्टूल ओढलं, वर चढला नि तो मोराचा पिसारा फ्रेमसकट स्वतःच्या हातानं उतरवून काखेत मारून घरी गेला.

खिळा अजून भिंतीत आहे.