अप्पांना नापास करा

आमचे अप्पा कानाच्या तपासणीत पैकीच्या पैकी मार्क मिळवून पास झाले, आणि तिथून आमच्या डोक्याला ताप सुरू झाला.

दिव्यांग शिबिरातून ते बाहेर आले ते छाती काढूनच. मी रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होते, आई माझा दंड धरून उभी होती. अप्पांनी लांबूनच अंगठा वर केला. "एक बी चुकलं नाही," जवळ येऊन म्हणाले, "ती पोरगी बघतच राहिली." कोणती पोरगी आणि काय चुकलं नाही, असं मी विचारलं, पण ते रस्त्याकडे तोंड करून विचारलं, म्हणून त्यांना कळलं नाही. ते रिक्षात बसले आणि घर येईपर्यंत बेसूर गुणगुणत राहिले.

अप्पांना ऐकू येत नाही हे इतवारा या आमच्या मोहल्ल्यातल्या लहान पोरालाही माहीत आहे. कारण मी घरात बोलते ते सगळं गल्लीला ऐकू जातं. आज भाजी कोणती, गोळी घेतली का, पोट साफ झालं का, यावर समोरचा शिंपी आणि बाजूची किराणावाली दोघंही मत देतात. मी सरकारी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे आवाज तयार आहे. पाराही लवकर चढतो, तो मात्र कोणी शिकवलेला नाही.

अप्पांची सारी नोकरी कागद कारखान्यात गेली, मोठ्या मशीनवर. तिथे आवाज असा की कानाला तोंड लावून ओरडलं तरी वाया. म्हणून मशीनवरची माणसं एकमेकांचे ओठ वाचायची आणि हातांनी बोलायची. कान पिळला की साहेब येतोय, पोटावर थाप मारली की डबा, दोन बोटं ओठांशी नेली की बिडी. अप्पा ही भाषा घरी घेऊन आले आणि आईने ती त्यांच्यापेक्षा लवकर उचलली. कारखान्याच्या कॉलनीतल्या आमच्या घरात दोघंही आवाज न करता कडाकडा भांडायची. इकडून आईचे ओठ आणि झारा, तिकडून अप्पांचे दोन्ही हात. मला वाटायचं, सगळ्यांचेच आईबाप असे भांडतात.

पाहुणे आले की त्या भाषेची मजा वेगळीच. साखर संपली आहे, याला जेवायला थांबवू नका, हा मागच्या वेळी आपली छत्री घेऊन गेला, सगळं पाहुण्याच्या डोक्यावरून चालायचं. एकदा एक जण बसला तो उठेचना. आईने त्याच्या मागे उभं राहून हातानेच विचारलं, हे कधी जाणार? तो कारखान्यातलाच आहे आणि समोर कपाटाला आरसा आहे, या दोन्ही गोष्टी ती विसरली. पाहुण्याने शांतपणे मागे वळून हातानेच सांगितलं की चहा पिऊन निघतो. आई स्वयंपाकघरात गेली ती त्या दिवशी बाहेर आली नाही.

भांडणाचा मुख्य विषय ठरलेला होता, खकनारच्या आत्याच्या हातचं वांग्याचं भरीत. अप्पांच्या मते जगात भरीत तेवढंच, बाकी सगळी वांगी उगाच जन्माला आली. आईच्या मते त्यात तेलाशिवाय काही नसायचं. बाकी कशावरही अप्पा माघार घेत, पण बहिणीच्या भरतावर कधीच नाही.

मग आईला काचबिंदू झाला. समोरचं दिसतं, बाजूचं सगळं गेलं, नळीतून बघावं तसं. आता अप्पा आपल्याकडे बघताहेत की पेपरात, हेच तिला समजत नाही. ती त्यांच्या खुर्चीकडे तोंड करून अख्खं वाक्य बोलते, तेव्हा ते खिडकीतून शिंप्याकडे बघत असतात. ती उत्तराची वाट बघते, मग "जाऊ द्या" म्हणते, आणि तेही त्यांना कळत नाही. मी मध्ये पडून दोघांचं एकमेकांना ओरडून सांगायला लागले. पण ओरडून भांडण होत नाही, नुसती जाहीर घोषणा होते. घरातलं भांडण बंद पडलं. ती शांतता मला खायला उठायची.

आणि एका दुपारी आई मोरीच्या उंबऱ्याला अडखळून पडली. मी शाळेत होते. तिने "अहो, अहो" करून हाका मारल्या, आणि अप्पा शेजारच्याच खोलीत पेपर वाचत बसले होते. चहाची वेळ झाली तरी चहा येईना, म्हणून ते उठले, तेव्हा त्यांना ती दिसली. पाय नुसता सुजला होता, मोडला नव्हता. पण त्या रात्री अप्पा जेवले नाहीत, आणि इतकी वर्षं मी सांगून थकले होते ते स्वतःहून म्हणाले, "कानाला मशीन लावून टाकू."

चांगलं मशीन आमच्या ऐपतीबाहेरचं होतं. दिव्यांग प्रमाणपत्र मिळालं तर ते सरकारकडून मिळतं, दोन्ही कानांचं, आणि थोडी पेन्शनही. त्यासाठी शिबिरातल्या तपासणीत कान गेल्याचं दिसायला हवं होतं. आणि आमचे अप्पा तिथून पास होऊन आले.

कसे, ते त्यांनी घरी चहा पिता पिता रंगवून सांगितलं. काचेच्या खोलीत बसवतात, कानाला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की बटण दाबायचं. काचेच्या पलीकडे तपासणारी मुलगी बसलेली. आवाज सोडताना तिचा हात हलायचा, म्हणून अप्पांनी तिच्या बांगड्यांवर नजर ठेवली. बांगडी हलली की दाब बटण. कारखान्यातही दरवर्षी कान तपासायचे, आणि कान गेलेल्याला मशीनवरून काढून गोदामात बसवायचे. ते त्याच्याच भल्यासाठी असायचं, पण मशीनवरच्या माणसाला गोदाम म्हणजे नाक कापल्यासारखं. म्हणून सगळे तपासणाऱ्याचं मनगट बघून पास व्हायचे. जे अंगात भिनलं होतं, तेच अप्पांनी शिबिरात केलं.

मी कपाळावर हात मारून घेतला. अप्पा, तिथं नापास व्हायचं होतं, असं मी इतक्या मोठ्याने सांगितलं की शिंप्याचं मशीन थांबलं. अप्पांना रागच आला. "परीक्षेला कोणी नापास व्हायला जातं का?" ते म्हणाले. "अन् तू मास्तरीण."

काही दिवसांनी मोबाईलवर निरोप आला की अर्जदार लाभासाठी अपात्र आहे. अप्पांनी तो वाचला आणि जरा वेळाने फोन माझ्याकडे परत दिला. पास झाल्याचा त्यांचा आनंद त्या दिवशी संपला.

निकालावर दाद मागायची तर कारण लिहावं लागतं. आमच्याकडे कचेरीचा कारभार हिंदीत, म्हणून मी हिंदीत आवेदन लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला मला हसू फुटलं. बोर्डाच्या परीक्षेत माझ्या वर्गात कॉपी करायची कोणाची छाती होत नाही. एका पोराच्या तळपायावरची सूत्रं मी त्याला मोजा काढायला लावून पकडली होती. आणि आता मी स्वतःच्या हाताने लिहीत होते की मेरे पिताजी ने जाँच में नक़ल की है, कृपया उन्हें फेल किया जाए. मी ते आईला वाचून दाखवलं. ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला उचकी लागली.

मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई असते, साहेब लोकांच्या तक्रारी ऐकतात. आम्ही तिघं सकाळीच जाऊन बसलो. कोणाची तक्रार विहिरीची, कोणाची शेताच्या बांधाची, एका बाईच्या हातात तर दाखवायला आणलेला फुटका नळच होता. अप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि दाढी गुळगुळीत केली होती. जरा गबाळे दिसा म्हणून मी विनवलं, पण साहेबांसमोर गबाळं जायला ते तयार नव्हते.

आमचा नंबर आला. अधिकाऱ्यांनी आवेदन वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं. "मैडम, यहाँ सब पास होने आते हैं," ते म्हणाले. "आप पहली हैं." मग त्यांनी अप्पांकडे वळून तब्येत विचारली. खिडकीतून मस्त उजेड येत होता आणि साहेबांच्या मिशा बारीक कातरलेल्या होत्या, सगळे ओठ लख्ख दिसत होते. अप्पांनी ताडकन सांगितलं की एकदम बढ़िया, आपकी कृपा. कुठे राहता, इतवारा. घरी कोण कोण, तेही सांगितलं, वर मी गणित शिकवते याचीही भर घातली. मी त्यांना टेबलाखालून चिमटा काढला. त्यांना वाटलं मी शाबासकी देतेय. अधिकारी माझ्याकडे असे बघायला लागले की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. झालं, अर्ज गेला, आईने पुन्हा हाका मारायच्या आणि मी शाळेत जीव मुठीत धरून बसायचं.

तेवढ्यात आईने माझा दंड सोडला. चाचपत अप्पांच्या खुर्चीची पाठ धरली आणि ती त्यांच्या बरोबर मागे जाऊन उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली.

अप्पा साहेबांकडे बघत होते. मग आईने जो आवाज काढला तो मी जन्मात ऐकला नव्हता. तिला इतका आवाज आहे हेच मला माहीत नव्हतं. "तुमच्या बहिणीला भरीत येत नाही," ती म्हणाली. "कधी आलंच नाही. म्हैस बी तोंड लावणार नाही त्याला."

हॉलमधल्या अर्ध्या लोकांना मराठी येत होती, ते आधी हसले. त्यांनी उरलेल्यांना सांगितलं, मग ते हसले. नळवाली बाई तर नळ मांडीवर ठेवून टाळ्या पिटायला लागली. साहेबही हसले. मीही हसत सुटले होते, आणि मग मी अप्पांकडे पाहिलं. सगळे हसताहेत हे त्यांना दिसलं होतं. आपली उत्तरं लोकांना आवडली असं त्यांना वाटलं असावं. तेही हसत होते, आणि हॉलभर सगळ्यांना हात जोडत होते.

मी हसायची थांबले. इतका राग आला मला, त्या लोकांचा, माझा, अप्पांच्या त्या जोडलेल्या हातांचा. आई एकटी हसत नव्हती. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बघा साहेब," ती म्हणाली, "मी भरताला नाव ठेवलं, अन् हा माणूस हसून राहिला."

अधिकाऱ्यांनी पुढे काही विचारलं नाही. आवेदनावर पुन्हा तपासणीचा शेरा मारला, आणि खाली स्वतःच्या हाताने लिहिलं की मुँह दीवार की तरफ़ हो.

या वेळी दवाखान्यात खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. शिबिरातलीच मुलगी होती, साहेबांचा शेरा तिने वाचला होता. तिने मला डोळा मारून बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या. मी दारात उभी राहिले. अप्पा शाळेच्या पोरासारखे ताठ बसले होते, बटणावर अंगठा तयार. मुलगी एकेक आवाज सोडत गेली, वाढवत गेली. अप्पांचा अंगठा हलला नाही. तिने एक कान संपवला, दुसरा घेतला, तोही संपत आला.

"ताई," अप्पा भिंतीकडे बघत अदबीने म्हणाले, "मशीन चालू केली का?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड फिरवून व्हरांड्यात आले. ज्याच्यासाठी अर्ज केला तेच झालं होतं, आणि मला रडू आवरेना.

अप्पा खाली मान घालून बाहेर आले. त्यांच्यासमोर नीट उभी राहून मी सांगितलं की आपण नापास झालो. ते म्हणाले, होणारच, अभ्यासच नव्हता. तेव्हा मात्र आम्ही दोघंही व्हरांड्यात वेड्यासारखे हसलो. येताना मी मावा जिलेबी घेतली आणि गल्लीत वाटली. किराणावालीने कशाची म्हणून विचारलं, मी सांगितलं अप्पा नापास झाले. तिने अभिनंदन करून दोन जिलेब्या जास्तीच्या घेतल्या.

प्रमाणपत्र आलं आणि मग यथावकाश मशीनही. दवाखान्यात कानांत बसवून घेऊन अप्पा घरी आले आणि बैठकीत पंख्याकडे वर बघत बसले. हा असा वाजतो का, असं त्यांनी विचारलं. मी नेहमीच्या आवाजात हो म्हणाले, तर ते खुर्चीतून उडालेच. "ओरडते कशाला?" ते म्हणाले. "मी काय बहिरा आहे?"

आई आत गॅसवर वांगं भाजत होती, आमच्याकडे पाठ करून. आम्ही आल्याचं तिला कळलं होतं, पण मशीनने इतकं हळू बोललेलंही ऐकू येतं हे कळलं नव्हतं. सवयीने ती स्वतःशीच पुटपुटत होती, अगदी हळू. "खकनारचं भरीत, म्हणे. तेलाचं डबकं नुसतं."

अप्पांनी पंख्यावरची नजर काढली. "तेल लागतंच भरताला," ते म्हणाले.

आतला चिमट्याचा आवाज थांबला.

"अहो?" आई म्हणाली.

"काय?"

"काही नाही."

मग पुन्हा, जरा वेळाने, "अहो?" आणि पुन्हा "काय?" आणि पुन्हा काही नाही. तिसऱ्या हाकेला अप्पा उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"तेलाचं डबकं हे कधीपासून म्हणून राहिली तू?" त्यांनी विचारलं.

आईने वळून बघितलं नाही. आता वळायची गरजच नव्हती. "तुम्हाला ऐकू येणं बंद झालं तवापासून," ती म्हणाली. "रोज."

अप्पांनी स्टूल ओढलं आणि तिच्या पाठीशी बसले.

"सांग मग," ते म्हणाले. "पहिल्यापासून सांग."